जाळीचं कपाट, घंगाळ आणि रो-हाऊस

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशकात पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस, घरात तुम्ही दोघं, सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. निफाड तालुक्यातलं गावचं जुनं घर दिवाळीनंतर उतरवायला काढलंय. तिथलं लाकूड, भांडी, कपाटं आणून आणि थोडं बाजारातून घेऊन घराला ‘कंट्री स्टाईल’ द्यायची आहे. सासूबाई म्हणतात, एवढी वर्षं जी अडगळ आवरली ती परत दिवाणखान्यात नको. बजेट बेताचं. मग काय आणावं, काय सोडावं?

नाशकात जुन्या लाकडाची दुरुस्ती आणि घरांच्या आतलं काम हाच माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सासूबाईंचं. त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. ज्या वस्तूला घरात काम नाही ती वस्तू कितीही जुनी असली तरी अडगळच. तिच्यावर धूळ बसते, ती पुसावी लागते, आणि पुसायची कुणी हे घरोघरी ठरलेलं असतं. म्हणून माझा पहिला नियम असा की गावाहून वस्तू टेम्पोत चढायच्या आधी तिला इथलं काम ठरलेलं असावं. काम सुचत नसेल तर वस्तू नात्यातल्या कुणाला द्या, विकून टाका, पण आणू नका.

आता ‘कंट्री’चं. तुम्ही जे फोटो पाहिलेत, पांढरट रंगाची मुद्दाम खरवडलेली कपाटं, लेसचे पडदे, फुलाफुलांच्या उश्या, ती सगळी थंड मुलखातल्या शेतघरांची सजावट आहे. तिकडे वर्षातले बरेच महिने उजेड मिणमिणता असतो, त्यामुळे पांढरं लाकूड आणि पांढऱ्या भिंती तिथे उपयोगाच्या. आपल्याकडे होळीनंतर पश्चिमेच्या खिडकीतून जे ऊन आत येतं त्यात ती पांढराई डोळ्यांना टोचते, आणि पाथर्डी फाट्याच्या धुळीत चार महिन्यांत पिवळी पडते. आपल्या मुलखातल्या जुन्या घरांनी उलटा मार्ग धरला होता: ओसरीत उजेड, माजघरात सावली, डोक्यावर कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्यांचं छत), भिंतीत कोनाडे, खाली शहाबादी फरशी किंवा सारवलेली जमीन. तुमची ‘कंट्री’ निफाडची आहे, तेव्हा तिथलंच घ्या. परक्या शेतघरांकडून उचलण्यासारखी गोष्ट एकच, वस्तू मोजक्या आणि रोजच्या हाताखालच्या.

याचं उत्तम उदाहरण तुमच्याच घरात असणार: स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट. सागाची चौकट, पुढे आणि बाजूंना बारीक तारेची जाळी, आत दोन-तीन फळ्या, आणि पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या. दूध, दही, लोणी यात राहायचं. फ्रिज आला आणि ते मागच्या पडवीत गेलं. आजच्या मॉड्युलर किचनमध्ये बंद कपाटांची रांग असते, पण हवा खेळेल अशी जागा नसते. मग कांदे-बटाटे सिंकखालच्या ट्रॉलीत कोंबतात आणि पावसाळ्यात त्यांना मोड येतात, वास सुटतो. जाळीचं कपाट या कामाला नामी आहे. खालच्या फळीवर कांदे, मधल्यावर बटाटे (दोन्ही एकत्र नकोत, लवकर खराब होतात), वर लसणाची जुडी आणि फळं. लासलगावच्या पंचक्रोशीतल्या माणसाला कांद्याला हवा लागते हे मी काय सांगावं! जाळी गंजली असेल तर नवी लावून घ्या, चौकट तशीच राहू द्या. कडीजवळचा लाकडाचा भाग हात लागून लागून काळाभोर आणि गुळगुळीत झालेला असतो. सुतार तो घासून ‘नवा’ करायला जाईल, त्याला आधीच थांबवा.

घर उतरवण्याबद्दल नीट ऐका, कारण खरं नुकसान इथेच होतं. पाडणारा ठेकेदार बहुतेकदा लाकडाची किंमत मजुरीतून वजा धरतो. म्हणजे करार झाला की लाकूड त्याचं. तेव्हा बोलणी करायच्या आधीच तुम्हाला काय ठेवायचंय त्याची यादी कागदावर लिहा आणि त्या वस्तूंवर खडूने खूण करा. दारं हवी असतील तर चौकटीसकट घ्या. नुसती फळ्यांची जोडी आणली तर इथे नवी चौकट, नवे बिजागर, आणि मापाची मारामारी. भिंत पाडताना गडी चौकटीला पहार लावून ओढतात आणि कोपऱ्यातली खाचेत खुंटी बसवलेली सांध तुटते. चौकटीच्या दोन्ही बाजूंची भिंत आधी फोडायला सांगा, चौकट अलगद मोकळी होते. कड्या, कोयंडे, घोड्याच्या नालासारखे जाड बिजागर, खुंट्या एका गोणीत वेगळ्या ठेवा. हे लोखंड आज फारसं कुणी घडवत नाही आणि ते भंगारात सगळ्यात आधी जातं. खांबाखालचे दगडी तळखडे विसरू नका. तुळशीवृंदावनाला किंवा दारापुढच्या कुंडीला याहून चांगली बैठक नाही.

सागाच्या वाहतुकीला वन खात्याचे नियम आहेत, म्हणून टेम्पो भरण्याआधी तालुक्याच्या वन कार्यालयात विचारा आणि घर तुमचंच असल्याचा ग्रामपंचायतीचा कागद सोबत ठेवा.

तुळया आणायचा मोह होईल. वजनाचा अंदाज घ्या. कोरडं सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं, म्हणजे १० फुटी, ८ बाय ८ इंची तुळई ८० किलोच्या घरात जाते. ती जिन्याच्या वळणावरून चढवणार कोण? मी तुमच्या जागी असतो तर एकच तुळई ठेवली असती आणि तिच्या फळ्या काढून ओसरीवजा पुढच्या जागेसाठी बसायचा बाक केला असता. कापायला नेण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून खिळे शोधून काढा. आत मोडलेला खिळा करवतीचं पातं खातो, म्हणून वखारवाले जुनं लाकूड घ्यायला कुरकुरतात.

लाकूड आणलं की थेट घरात नको. पार्किंगमध्ये विटांवर, जमिनीपासून उचलून, खाली जुनी पांढरी चादर पसरून काही आठवडे ठेवा. चादरीवर पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर आत किडा जिवंत आहे. नुसती भोकं दिसली आणि भुसा नाही, तर ती जुनी लागण, घाबरायचं कारण नाही. जिवंत किड्यावर गावाकडे रॉकेल चोपडतात. वास महिनोन्‌महिने जात नाही आणि आग लागायची भीती वेगळी. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून बोरेटचं द्रावण भोकांत सिरिंजने भरून घ्या, त्याला वास नसतो. वाळवीची मातीची नळी दिसली तर तो तुकडा सोडूनच द्या.

आता रंग काढणं. गावच्या दारांवर हिरव्या, निळ्या ऑइलपेंटचे थरावर थर असतात. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता भरपूर, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक. म्हणून घरात मशीनने कोरडं घासकाम मुळीच नको. उघड्यावर, मुलं शाळेत असताना, लाकूड ओलं ठेवून किंवा रिमूव्हर लावून खरवडा, तोंडाला चांगला मास्क, आणि पडलेला चुरा कागदात बांधून टाका. अंगणात झाडून द्यायचा नाही. खरं तर एखाद्या दाराचा तो निळा रंग छान जुना झालेला असेल तर काढूच नका. सुटे पोपडे तेवढे काढून वर मॅट क्लिअर कोट मारला की भागतं.

पॉलिशचं सांगतो. बैठकीच्या खोलीतल्या वस्तूंना लाखेचं फ्रेंच पॉलिश सुंदर दिसतं, पण गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. जेवणाच्या टेबलाला ते चालणार नाही, तिथे मॅट पीयू (पॉलियुरेथेनचा टिकाऊ थर) करा. बाकाला, कपाटाला जवसाचं तेल आणि वरून मेण पुरे. तेल पुसलेली फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर मोकळी पसरून वाळवा, मगच कचऱ्यात.

सुतारासाठी एक सूचना. जुन्या दारातली मधली फळी चौकटीच्या खाचेत सुटी बसवलेली असते, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि हिवाळ्यात आकसतं. आणि निफाडचा हिवाळा तुम्ही जाणताच, दर थंडीत पाऱ्याच्या बातम्या तिथूनच येतात. नवीन पोरं खाचेत फेविकॉल ओततात. जानेवारीत ती फळी मधोमध चिरते.

आता भांडी, म्हणजे नाशिकचं मर्मस्थान. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव पूर्वीपासून नावाजलेलं. भांडीबाजारात लोक जुनी पितळ मोड म्हणून घालतात आणि स्टील घेऊन जातात. ओळखीच्या दुकानदाराला सांगून ठेवा, मोडीत आलेलं घंगाळ, हंडा, कळशी भट्टीत जायच्या आधी मोडीच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन मिळू शकते. पण आधी गावच्या माळ्यावर शोधा, तिथे विकत घ्यायची वेळच येणार नाही.

घंगाळ विकत घेताना उलटं करून पाहा. बुडाला किंवा कड्यांच्या जोडाला राखाडी ठिपका दिसला तर तो डाख, म्हणजे गळती बुजवलेली आहे. शोभेसाठी चालेल, पाणी भरून ठेवायला आधी रात्रभर तपासून पाहा. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे, वरून पितळेचा मुलामा. काठाखाली बोट फिरवा. बहुतेक जुन्या भांड्यांवर बारीक टिंबांनी नाव घातलेलं असतं, कधी आजीसासूंचं, कधी लग्नात आहेर देणाऱ्याचं, कधी सालासकट. हे नाव जपायचं असेल तर मशीनवर बफिंग करून आणू नका, चकाकी येते आणि टिंबं पुसट होतात. चिंच आणि मीठ, नाहीतर पितांबरी, आणि धुतल्यावर लगेच कोरडं पुसणं एवढंच पुरतं. शोभेच्या वस्तूवर लॅकर मारून घेतलं तर पावसाळ्यात काळं पडणं बरंच कमी होतं. अन्न-पाण्याच्या भांड्याला लॅकर नको. पितळी पातेली स्वयंपाकाला वापरणार असाल तर कल्हई करून घ्या, आणि ताक, चिंच, टोमॅटो कल्हई उडालेल्या भांड्यात ठेवू नका.

घंगाळाचं काम काय? दाराशी पाणी-फुलं ठेवण्याची कल्पना आता हॉटेलांनी इतकी वापरली आहे की मला तिचा कंटाळा आलाय. तुमच्याकडे मुलं आहेत. जिन्याखाली घंगाळ ठेवा, बॅट-बॉल, स्किपिंग, फुटबॉल सगळं त्यात. खाली एक जाड गोधडीचा तुकडा घातला तर फरशीवर ओरखडे नाहीत आणि खणखणाटही नाही.

चिनी मातीच्या बरण्या लोणच्याला वापरायच्या तर आतून चकाकी अखंड हवी, केसासारख्या रेषा दिसल्या तर पळ्या-झारे उभे करायला ठेवा. बिडाचा तवा गंजला असेल तर फेकू नका, घासून तेल चढवलं की धिरड्यांना तो राजा आहे. पत्र्याची ट्रंक पलंगाखाली गाद्या-गोधड्यांसाठी ठेवा, पण झाकणाला आधार देणारी साखळी लावा, मुलांची बोटं सापडतात. जुना पाळणा असेल तर त्यात बाळाला झोपवू नका. गजांमधलं अंतर मोठं असतं, बाळ निसटून अडकू शकतं. पाहुण्यांच्या चादरी ठेवायला तो छान. आणि उंच कपाट कुठलंही असो, मागून भिंतीला क्लॅम्पने बांधा, जुन्या कपाटांचा तोल पुढे असतो.

जातं तुम्हाला हवंच असेल, असा माझा अंदाज. १६ इंची जातं दोन्ही दगड धरून ४०–५० किलो सहज भरतं. घराची स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून बांधतात, त्यामुळे एक जातं आणि एक भरलेला रांजण शेजारी शेजारी गच्चीच्या कोपऱ्यात नकोत. तळमजल्यावर ठेवा. त्याचं स्टूल करून वर बसायची फॅशन आली आहे, ती करू नका. लग्नाच्या मुहूर्ताला याच जात्यावर हळकुंडं दळतात, सासूबाईंना त्यावर कुणी पाय ठेवून बसलेलं खपणार नाही आणि मलाही नाही. खुंटा नीट बसवून घ्या आणि कधीमधी मुलांना मूठभर तांदूळ दळू द्या.

बाजारातून घ्यायचं ते थोडं. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार सूप, टोपल्या, मातीची मडकी, दोऱ्या-चऱ्हाटांसाठी चांगला. बांबूकाम पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून येतं. तिकडे जाणं झालं तर थेट कारागिराकडून माप देऊन करून घ्या, कपड्यांच्या धुण्याची मोठी टोपली प्लास्टिकच्या बकेटपेक्षा हजार पटींनी बरी दिसते. जुन्या नाशकातले वाडे उतरतात तेव्हा सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब, खांबावरचे कोरीव हस्त म्हणजे तुळईला आधार देणारे तुकडे, दिंडी दरवाजे ठेकेदारांकडे विकायला येतात. घेतलंत तर पावती घ्या. ‘अँटिक’ म्हणून नवा माल गळ्यात मारणारेही आहेत. त्यात झीज सगळीकडे सारखी असते, कोपऱ्यांत काळा रंग मुद्दाम भरलेला असतो. खऱ्या वस्तूची झीज हात लागतो तिथेच, कडीपाशी, खणाच्या काठावर, खुर्चीच्या दांड्यावर. खण ओढून मागची बाजू पाहा. चार खाचांचा स्टार स्क्रू दिसला तर वस्तू तरी नवी आहे किंवा दुरुस्ती तरी.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहा. देवळातली कोरीव दगडी किंवा लाकडी शिल्पं, वीरगळ, जुन्या मूर्ती. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याखाली १०० वर्षांहून जुन्या अशा वस्तूंवर नोंदणीची बंधनं आहेत आणि चोरीचा माल असण्याचा धोका मोठा. दुसरं, हस्तिदंत, हरणाची शिंगं, कातडी. वन्यजीव कायद्याने त्यांचा व्यापार बंद आहे, ‘आजोबांच्या काळचं आहे’ म्हणून सुटका होत नाही.

भिंतींना खरा चुना लावायची इच्छा असेल तर सध्याचा प्लॅस्टिक इमल्शन खरवडावा लागेल, त्यावर चुना धरत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर मळकट पांढरा मॅट रंग घ्या आणि खालच्या अडीच-तीन फुटांना गेरूचा पट्टा द्या. मुलांचे हात, पायपुसण्याचे डाग सगळे त्यात जिरतात, गावच्या घरांत तो पट्टा त्यासाठीच असायचा. वारली चित्रं काढायची तर पेठ-सुरगाण्याकडच्या कलाकाराला बोलावून एकाच भिंतीवर काढून घ्या. स्टिकर लावू नका. दिवे २७०० केल्व्हिनचे, पिवळसर. पांढऱ्या ट्यूबखाली सागवान मेल्यासारखं दिसतं. लामणदिव्याला ड्रिल मारून बल्ब बसवायला सांगणारा इलेक्ट्रिशियन भेटेल, त्याला चहा पाजून परत पाठवा. जुन्या कंदिलात किंवा पितळी टेबललॅम्पमध्ये वायर घालणार असाल तर अर्थिंगसह नवी घाला.

बैलगाडीचं चाक भिंतीवर नको, ते ढाब्यावर शोभतं. दाराचं टेबल करून वर काच टाकणं मला पटत नाही. नक्षीत चिवड्याचे कण अडकतात आणि काच सतत पुसत बसावं लागतं. दार दार म्हणूनच वापरा, देवघराला किंवा स्टोअरला लावा.

झोपाळा असेल तर तो आणाच, पितळी कड्यांसकट. फक्त हुक स्लॅबच्या मधोमध ड्रिल मारून लावू नका. आरसीसी बीमला केमिकल अँकरने लावून घ्या, तेही बांधकाम कळणाऱ्या माणसाकडून, कारण झुलताना भार नुसत्या वजनापेक्षा वाढतो. बीम सोयीच्या जागी नसेल तर लोखंडी स्टँड करा.

कापडात सासूबाईंना सोबत घ्या. त्यांच्या जुन्या सुती लुगड्यांच्या गोधड्या गावातल्या बायका अजून शिवून देतात, सोफ्यावर त्या टाका. पैठणीचा पदर फ्रेम करायचा असेल तर ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावा, रेशीम उन्हात चिरतं.

पुण्याला जाणं झालं तर केळकर संग्रहालयात एक दुपार काढा, सासूबाईंनाही न्या. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दारं, स्वयंपाकघरातली अवजारं अशा रोजच्या वापरातल्या वस्तूच गोळा केल्या. तिथून आल्यावर माळ्यावरची यादी करणं दोघींनाही सोपं जाईल.

पैशांचं शेवटी. तुमच्याकडे वस्तू घरच्याच आहेत, तेव्हा खर्च वस्तूंवर करू नका. चांगला सुतार, पेस्ट कंट्रोल, कल्हई आणि दिवे यांवर करा. सुरुवात जाळीच्या कपाटाने आणि एका दाराने करा, पावसाळा एक जाऊ द्या, लाकूड कसं वागतं बघा. बाकीचं तोवर पार्किंगमध्ये झाकून राहील. ठेकेदाराशी बोलण्याआधी दारांची मापं चौकटीच्या बाहेरून घ्या आणि इथल्या भिंतीतल्या जागेशी ताडून पाहा. गावची दारं बुटकी असतात, साडेपाच फुटांचं दार तुमच्या यजमानांच्या कपाळाशी रोज भांडेल.